ड्रॉवरमधला जुना एमपी३ प्लेअर काढा: सुचलेल्या चाली आणि बँडची प्रॅक्टिस रेकॉर्ड कशी करायची

सरळ मुद्द्यावर येतो. चाली लावत असाल, गिटार घेऊन गाणी लिहीत असाल किंवा चारपाच जणांचा बँड असेल आणि तासाच्या हिशोबाने जॅमरूम घेऊन प्रॅक्टिस करत असाल, तर रेकॉर्डिंगसाठी काही नवीन विकत घेण्याआधी घरातले ड्रॉवर उपसा. जुना एमपी३ प्लेअर, आयपॉड, कोणीतरी ऑफिसच्या मीटिंगांसाठी घेतलेला व्हॉइस रेकॉर्डर, नाहीतर सिम काढून टाकलेला फोन, यातलं काहीतरी निघतंच. आणि बऱ्याच जणांना माहितीच नसतं की त्या प्लेअरच्या मेनूत गाणी, एफएम, सेटिंग या ओळींच्या खाली रेकॉर्ड अशी पण एक ओळ आहे.

आता लगेच कोणीतरी म्हणणार की खिशात फोन आहे की, कशाला ते भंगार काढायचं. फोन चालतो, नाही म्हणत नाही. पण एक तर तो फोन आहे, ऐन अंतऱ्यात लोन विकणाऱ्यांचा कॉल येतो आणि बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. आणि त्याहून बेक्कार म्हणजे फोन हा मुळात बोलण्यासाठी बनवलाय, त्यामुळे कितीतरी फोनमध्ये आजूबाजूचा आवाज दाबायची सेटिंग आपोआप चालू असते, आणि या सेटिंगचं लॉजिक असं की जो आवाज एकसारखा येतोय तो पंखा नाहीतर एसी असणार, दाबा त्याला. आता एकसारखा आवाज अजून कशाचा येतो? तानपुऱ्याचा! हार्मोनियमवर धरून ठेवलेल्या सुराचा, कीबोर्डच्या पॅडचा. मग रेकॉर्डिंग ऐकताना पहिले दोन सेकंद पेटी छान येते आणि नंतर ती कुठेतरी पाण्यात बुडाल्यासारखी होते आणि आपण माईक खराब झाला म्हणून फोन बदलायला निघतो. फोनच वापरायचा असेल तर आधी फ्लाइट मोड, मग रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये जाऊन नॉइज रिडक्शन, व्हॉइस आयसोलेशन, स्पीच मोड असं जे काही असेल ते बंद, आणि म्युझिक, ओरिजिनल किंवा हाय क्वालिटी असा पर्याय असेल तर तो चालू. आयफोनच्या व्हॉइस मेमोजच्या सेटिंगमध्ये ऑडिओ क्वालिटीला लॉसलेस मिळतं, ते करून टाका. आणि ब्लूटूथ इयरफोन कानात घालून रेकॉर्डिंग करू नका, बऱ्याचदा आवाज त्यांच्याच माईकमधून घेतला जातो आणि क्वालिटी कॉलवर बोलल्यासारखी होते.

आणि एक आधीच ठरवून टाका म्हणजे पुढचं डोकं लावणं कमी होईल. हे रेकॉर्डिंग रिलीज करायचं नाहीये. ते आपण ऐकायचंय आणि ऐकून काहीतरी ठरवायचंय, ही चाल ठेवायची का, अंतरा लांबतोय का, दुसऱ्या कडव्यानंतर लय पळते का. त्यासाठी आवाज फुटलेला नको, सगळी वाद्यं कळायला पाहिजेत आणि फाइल नंतर सापडली पाहिजे. बस. यातलं पहिलं आणि दुसरं प्लेअर कुठे ठेवला त्यावर ठरतं, तिसरं तुमच्या आळसावर, आणि प्लेअर किती रुपयांचा होता याचा यात फार कमी वाटा आहे.

कुठला प्लेअर चालेल

आधी बघा की त्याला आतला माईक आहे का, लाइन इन (दुसऱ्या यंत्राचा आवाज वायरने आत घ्यायचं भोक) किंवा माईकचं भोक आहे का, आणि रेकॉर्डिंगची लेव्हल हाताने कमी-जास्त करता येते का. तिसरं असेल तर सोनं, पण साध्या एमपी३ प्लेअरमध्ये सहसा नसतं.

गंमत म्हणजे सोनीचा पहिला वॉकमन, १९७९ चा टीपीएस-एल२, हा प्रेसमन नावाच्या पत्रकारांच्या रेकॉर्डरवरूनच बनवलेला होता, आणि बनवताना त्यातलं रेकॉर्डिंगच काढून टाकलं. खिशातल्या म्युझिक प्लेअरची सुरुवातच ही अशी. नंतर सोनीनेच १९८४ मध्ये डब्ल्यूएम-डी६सी नावाचा रेकॉर्डिंगवाला प्रोफेशनल वॉकमन काढला आणि १९९२ मध्ये मिनीडिस्क (छोट्या डिस्कवर रेकॉर्ड करायची पद्धत) आणली, आणि मैफिली, प्रॅक्टिस रेकॉर्ड करणारी मंडळी जगभर ती वर्षानुवर्षं वापरत होती. आयपॉडचंही तेच, २००१ चा पहिला आयपॉड रेकॉर्ड करायचाच नाही. २००३ च्या तिसऱ्या पिढीला वरून लावायचे छोटे माईक यायला लागले पण ते ८ किलोहर्ट्झ (आवाजाची सेकंदाला आठ हजार मापं) मोनो, म्हणजे टेलिफोनवरच्यासारखा आवाज. २००५ च्या पाचव्या पिढीच्या व्हिडिओ आयपॉडला खालून डॉकमध्ये लावायचा स्टिरिओ माईक मिळायचा आणि तो ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे सीडीच्या मापाचं रेकॉर्डिंग करायचा. असा माईक घरात पडलेला असेल तर नशीब, मुद्दाम शोधत बसू नका. आयपॉड टच मात्र बघा, २०१० च्या चौथ्या पिढीपासून त्याला माईक आतच आहे आणि व्हॉइस मेमोज पण, कॉल यायची भीती नाही, चालीसाठी याच्याएवढं सोयीचं काही नाही.

सॅनडिस्कचा सॅन्सा क्लिप, तो आगपेटीएवढा प्लेअर, त्यालाही माईक आहे. मोनो आणि साधा, पण शर्टाला अडकवून गुणगुणायला मस्त. आयरिव्हरचा एच१२० किंवा एच१४० कोणाकडे असेल तर तो विकू नका, त्याला लाइन इन आहे, ऑप्टिकल इन आहे, आणि त्यावर रॉकबॉक्स हे फुकटचं फर्मवेअर (प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकलं की लेव्हलचे मीटर, हाताने गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते), वेव्ह (न दाबलेली मोठी फाइल) किंवा एमपी३ निवडणं, सगळं येतं. रॉकबॉक्स बाकी पण बऱ्याच जुन्या प्लेअरवर चालतं, फक्त तुमच्या मॉडेलवर त्यात रेकॉर्डिंग चालतं का ते टाकायच्या आधी वाचा, सगळ्यांवर नाही चालत.

आणि मग ते चायनीज एमपी४ प्लेअर, जे पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळायचे. त्यात रेकॉर्डिंग असतं, पण बऱ्याच जणांत ते एसीटी नावाच्या फॉरमॅटमध्ये असतं जो कम्प्युटरवर सरळ उघडत नाही, सोबतच्या सीडीत त्याचा कन्व्हर्टर असायचा आणि ती सीडी अर्थात हरवलेली असते. मेनूत एसीटी ऐवजी वेव्ह निवडता येतं का बघा, बहुतेकदा येतं. हे रेकॉर्डिंग सहसा ८ किलोहर्ट्झचंच असतं, आणि ८ किलोहर्ट्झवर ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच पकडलं जात नाही, त्यामुळे झांज, सिंबल, गिटारच्या तारेची चमक सगळं गायब, पण चाल म्हणजे सूर आणि शब्द, ते नीट कळतात. चालीसाठी चालेल, बँडसाठी नाही.

काहीच निघालं नाही आणि पैसे घालायची तयारी असेल तर हातात धरायचा रेकॉर्डर घ्या. झूम कंपनीचा एच१ २०१० मध्ये आला, एका पेन्सिल सेलवर चालायचा, सेकंडहँड मिळाला तर आजही उत्तम. त्याचा पुढचा भाऊ एच१एन २०१८ चा, आणि २०२४ चा एच१ एसेन्शियल ३२ बिट फ्लोटवर रेकॉर्ड करतो, म्हणजे लेव्हल सेट करायची भानगडच नाही, आवाज मोठा झाला तरी नंतर कम्प्युटरवर खाली आणता येतो. फक्त माईकच्या पडद्यालाच आवाज झेपला नाही तर तिथे फ्लोट काही करू शकत नाही, हे विक्रेते सांगत नाहीत.

चाल सुचली की

इथे स्पीड महत्त्वाचा. प्लेअर चालू करण्यापासून रेकॉर्ड होईपर्यंत किती बटणं दाबावी लागतात ते आधीच करून बघा आणि जमलं तर एकाच बटणावर आणा. सॅन्सासारख्या प्लेअरमध्ये मेनूत जावं लागतं, तेव्हा झोपायच्या आधी तो रेकॉर्डच्या पानावर आणून ठेवा. चाल गाडीवर सुचते, आंघोळीत सुचते, भांडी घासताना सुचते, आणि घरी येऊन पेटी उघडेपर्यंत तिचं रूपांतर दुसऱ्याच कुठल्यातरी ओळखीच्या गाण्यात झालेलं असतं. (गाडी चालवताना नको, बाजूला घ्या आणि मग करा.)

आणि बटण दाबल्यावर लगेच गाऊ नका. आधी दोन वाक्यं बोला. सूर सांगा, काळी एक, पांढरी चार, जे असेल ते, सूर माहिती नसेल तर नाही म्हणून सांगा. ताल सांगा, केरवा, दादरा, रूपक, रॉकचं असेल तर चारचा आहे का सहाचा. ही मुखड्याची चाल आहे की अंतऱ्याची हे पण सांगा, कारण महिन्याने ऐकताना नुसतं 'हं हं हंहं' ऐकू येतं आणि पहिली मात्रा कुठे होती तेच कळत नाही. सम टाळीने दाखवा. म्हणजे मांडीवर चापट मारत म्हणा, सम आली की जोरात. हे एवढं केलं तर अर्धं काम तिथेच झालं, कारण चाल हरवते ती बहुतेकदा सुरामुळे नाही तर वजन कुठे पडतं ते विसरल्यामुळे.

मग एकदा जशी सुचली तशी म्हणा, आणि लगेच दुसऱ्यांदा तानपुरा किंवा मेट्रोनोम लावून म्हणा. तानपुरा फोनवर चालू करा आणि रेकॉर्ड प्लेअरवर करा, दोन यंत्रं असल्याचा हा फायदा. फोन तीनचार फूट लांब ठेवा, आवाज कमी, रेकॉर्डिंगमध्ये मागे कळला तरी पुष्कळ. पहिली जी सुचली तशी म्हटलेली असते ना ती कधीच उडवू नका, दुसरी नीटनेटकी असते पण पहिलीत एखादी चुकार हरकत असते जी मुद्दाम घेता येत नाही.

शब्द नसतील तर नसू देत, पण नुसतं ला ला करू नका, काहीतरी खोटे शब्द टाका, भाजीची यादी म्हटलीत तरी चालेल, कारण त्यातून मीटर पक्कं होतं, ऱ्हस्व कुठे दीर्घ कुठे ते कळतं आणि नंतर ज्याला शब्द लिहायला द्यायचे त्याला तेच लागतं.

ठेवायचं कुठे? नुसता आवाज असेल तर तोंडापासून फूटभर, सरळ समोर नाही, जरा बाजूला, म्हणजे प आणि फ म्हणताना फुंकर थेट माईकवर बसत नाही. गिटार आणि गाणं एकत्र असेल तर दीडदोन फुटांवर, बाराव्या फ्रेटच्या समोर आणि उंचीने तोंड आणि गिटार यांच्या मधे, गिटार जास्त येत असेल तर प्लेअर वर सरकवा, गाणं जास्त येत असेल तर खाली, बाकी काही करू नका. पेटीला भात्याच्या बाजूला ठेवू नका, भात्याचा खडखडाट आणि वारा दोन्ही येतं, वाजवणाऱ्याच्या बाजूने जरा वरती धरा. तबला-डग्गा असेल तर लो कट बंद करा! हा स्विच खालचा घरघराट कापायला असतो, आणि डग्ग्याची सगळी घुमारी तिथेच असते, मग रेकॉर्डिंगमध्ये डग्गा म्हणजे पुठ्ठ्यावर टिचकी.

पंखा बंद करा. उकडेल, माहितीये. नसेलच करता येत तर माईकवर फोमची टोपी चढवा, ती नसेल तर पातळ मोजा, धुतलेला.

जॅमरूममध्ये

आता बँड. इथे प्लेअर कुठे ठेवायचा यावर नव्वद टक्के भांडण आहे आणि बहुतेक लोक तो जिथे प्लगपॉइंट आहे किंवा जिथे रिकामं टेबल आहे तिथे ठेवतात, नाहीतर डायरेक्ट अ‍ॅम्पवर. अ‍ॅम्पवर ठेवला की थरथर माईकमध्ये जाते आणि तो गिटारिस्ट सोडून जगात कोणी वाजवतच नाही असं वाटतं. कोपऱ्यात ठेवला की बेस फुगतो, कारण कोपऱ्यात खालचे आवाज साठतात, आणि मग बिचाऱ्या बेसिस्टला सगळे म्हणतात तू कमी कर.

असं करा. सगळे एक गाणं वाजवत असताना ज्याचं त्या गाण्यात काम नाही त्याने खोलीत फिरायचं, एक कान बोटाने बंद करून. एका कानाने ऐकलं की मोनो माईकला काय ऐकू येतंय त्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. जिथे गाणं आणि स्नेअर (ड्रमसेटमधला कडकड वाजणारा छोटा ड्रम) सारखे ऐकू येतात तिथे थांबायचं, तीच जागा. छोट्या खोलीत ती बहुतेकदा ड्रमपासून जमेल तितकी लांब आणि गायकाच्या स्पीकरच्या समोरच्या बाजूला निघते, कारण ड्रमला आवाज वाढवायला माईक लागत नाही आणि गायकाचा आवाज मात्र फक्त त्या स्पीकरमधूनच येत असतो. उंची डोक्याच्या जरा वर, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर किंवा रिकाम्या माईक स्टँडला रबरबँडने बांधून. स्टँड नसेल तर शेल्फवर घडी केलेला टॉवेल आणि त्यावर प्लेअर. दोन माईकवाला स्टिरिओ रेकॉर्डर असेल तर माईकची तोंडं बँडच्या मधल्या भागाकडे, प्लेअर आडवा पाडून छताकडे तोंड करून नाही.

कॉलेजच्या टीमा, फिरोदिया करंडकाच्या (पुण्यातली कॉलेजांची स्पर्धा) तालमी वगैरे, रिकाम्या वर्गात नाहीतर पार्किंगमध्ये चालतात आणि तिथे प्रॉब्लेम वेगळाच असतो, फरशी आणि भिंती, सगळं घुमतं. तिथे उलट करायचं, जवळ जायचं. प्लेअर बँडपासून पाचसहा फुटांवर आणा, खाली सतरंजी अंथरा, सगळ्यांना अर्धगोलात बसवा किंवा उभं करा. ढोलताशा पथकाची प्रॅक्टिस रेकॉर्ड करायची असेल, पुण्यात गणपतीआधी नदीपात्रात चालते तशी, तर मात्र जवळ जायचं नावच नको, तीसचाळीस फूट लांब आणि शक्यतो उंचावर, आणि तरीही ताशाच्या काडीने माईक फुटतोय का ते आधी मिनिटभर रेकॉर्ड करून हेडफोनवर तपासा.

लेव्हल. बँड वॉर्मअप करत असताना लेव्हल सेट करू नका, तेव्हा सगळे सज्जनासारखे वाजवत असतात. सगळ्यात आडदांड गाण्याचा सगळ्यात मोठा भाग वाजवायला सांगा आणि त्यावर मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास आणा. शून्याला लागला की आवाज फुटला आणि फुटलेला आवाज परत जोडता येत नाही, लहान रेकॉर्ड झालेला मात्र नंतर वाढवता येतो. एवढी जागा का सोडायची, तर प्रॅक्टिसच्या शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येक जण आपापला अ‍ॅम्प एक काटा वाढवतो आणि विचारलं तर कोणीच वाढवलेला नसतो.

ऑटो गेन असेल तर बंद करा. ऑटो गेनचं असं की शांत भागात तो गेन वाढवतो, मग एसीची सरसर वर येते, आणि ड्रमरने किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मारली की एकदम खाली आणतो, मग प्रत्येक ठोक्याला गायक दचकून मागे गेल्यासारखा वाटतो. साध्या प्लेअरमध्ये तो बंदच होत नाही, तिथे अंतर वाढवणं एवढाच उपाय, काही रेकॉर्डरवर माईक सेन्सिटिव्हिटीचा हाय-लो असा स्विच असतो तो लो वर टाका.

कधी कधी मीटर शून्याच्या बराच खाली असतो आणि तरी रेकॉर्डिंग चरचरतं. तेव्हा समजा की आवाज माईकमध्येच फुटतोय, मीटरला त्याचा पत्ता नाही. गेन कमी करून काही होणार नाही, प्लेअर लांब न्या. अजून फुटत असेल तर खोलीच्या दाराबाहेर ठेवा आणि दार अर्धं उघडं. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण बघा करून.

मिक्सरमधून (सगळे माईक आणि वाद्यं जिथे एकत्र जोडतात ते यंत्र) थेट घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. मिक्सरच्या मागे रेक आउट किंवा टेप आउटची दोन भोकं असतात, तिथून वायर काढून प्लेअरच्या लाइन इनला. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, लाइन इनलाच, माईकच्या भोकाला नाही, माईकचं भोक खूप बारीक सिग्नलसाठी असतं, मिक्सरचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा, सगळं करकरीत होऊन बसतं. माईकचंच भोक असेल तर मधे सिग्नल कमी करणारी अ‍ॅटेन्युएटर वायर लागते. दुसरी, जॅमरूमच्या मिक्सरमध्ये बऱ्याचदा फक्त गायक आणि कीबोर्ड असतात, ड्रम आणि गिटार अ‍ॅम्प हवेतूनच ऐकू येतात, तेव्हा थेट घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये गायक आणि कीबोर्ड मोकळ्या मैदानात एकटे उभे. हार्मनीचे सूर तपासायला हे सोन्यासारखं, पण पूर्ण बँड ऐकायला खोलीत ठेवलेला माईकच पाहिजे.

फोनला बाहेरचा माईक लावणाऱ्यांनी पिन बघा. पिनवर दोन काळ्या रिंगा असतील तर तो कॅमेऱ्याचा किंवा रेकॉर्डरचा माईक, तीन असतील तर फोनचा. दोन रिंगवाला फोनला लावला तर फोन त्याला हेडफोन समजतो आणि रेकॉर्डिंग स्वतःच्याच माईकने करत बसतो, आणि तुम्हाला वाटतं माईक लागलाय. मधे लावायचा छोटा अ‍ॅडाप्टर मिळतो.

फॉरमॅटवर फार वेळ घालवू नका. वेव्ह, ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट स्टिरिओ, हे मिनिटाला साधारण १० एमबी, तासाला ६३५ एमबी. एमपी३ १९२ केबीपीएस असेल तर तासाला ८६ एमबी. प्रॅक्टिससाठी एमपी३ पुरतो. ज्या दिवशी काहीतरी कापाकापी करून डेमो म्हणून पाठवायचं डोक्यात असेल त्या दिवशी वेव्ह. जुन्या रेकॉर्डरमध्ये फाइल २ जीबी झाली की बंद होते किंवा नवीन सुरू होते, वेव्हवर ते साधारण तीन तास वीस मिनिटांनी येतं, तेव्हा मोठी प्रॅक्टिस असेल तर ब्रेकमध्ये एकदा थांबवून परत चालू करा. जायच्या आधी कार्डवर किती जागा आहे आणि सेल किती आहेत ते घरीच बघा.

आता गाण्यागणिक रेकॉर्ड करायचं की सगळं? माझं मत, सगळं. सुरुवातीला बटण दाबा आणि विसरा. गाण्यांच्या मधे जे बोललं जातं ना, 'इथे दोन आवर्तनं जास्त घेऊया', 'तू जे आत्ता चुकून वाजवलंस तेच ठेव', ते सगळं त्यात येतं, आणि पुढच्या रविवारी नक्की काय ठरलं होतं यावरून होणारी अर्धी वादावादी वाचते. आणि बटण दाबणारा माणूस विसरला म्हणून चांगला टेक गेला असं होत नाही. फक्त सगळ्यांना आधी सांगा की चालू आहे. ज्याला त्या दिवशी न आलेल्या ड्रमरबद्दल काही बोलायचं असेल तो बाहेर जाऊन बोलेल.

खुणेसाठी टाळ्या वाजवा. टेक चांगला झाला की लगेच तीन टाळ्या, माईकच्या जवळ. कम्प्युटरवर फाइल उघडली की त्या तीन उभ्या काड्या लांबूनच दिसतात, दोन तास ऐकत बसावं लागत नाही. नवीन गाणं सुरू करताना कोणीतरी मोठ्याने नाव म्हणायचं, तेवढं पुरे.

रूममध्ये परत ऐकत बसू नका. तासाचे पैसे चाललेत.

घरी आल्यावर

त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी फाइल कम्प्युटरवर घ्या. आणि आधी बघा प्लेअरमधली तारीख बरोबर आहे का, जुन्या प्लेअरची बॅटरी पूर्ण उतरली की तारीख कुठल्यातरी १ जानेवारीवर जाते आणि मग सगळ्या प्रॅक्टिस एकाच दिवशी झालेल्या दिसतात. फाइलचं नाव बदला, आरईसी००४७ असं ठेवू नका. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे आपोआप ओळीने लागतात, आणि पुढे गाण्याचं नाव, चाल असेल तर सूर आणि ताल. "२०२५-०७-१३ पावसाची चाल काळी दोन दादरा" असं. सर्चमध्ये नुसतं दादरा टाकलं की सगळ्या दादऱ्यातल्या चाली समोर.

ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तेच घ्या. फाइल उघडा, टाळ्यांच्या काड्या शोधा, ऐकता ऐकता कंट्रोल एम दाबलं की तिथे लेबल लागतं, त्यात नाव लिहा. गाणं कापा, नॉर्मलाइज लावा म्हणजे लहान रेकॉर्ड झालेला आवाज वर येतो, एमपी३ करून बाहेर काढा. नॉइज रिडक्शन लावायची हौस आवरा, त्याने सिंबल खळखळ पाण्यासारखे होतात. अख्खी दोन तासांची फाइल ग्रुपवर टाकू नका, कोणी ऐकत नाही, खोटं बोलतात की ऐकली. तीन तुकडे टाका आणि प्रत्येकासोबत एक प्रश्न, 'दुसरा अंतरा १:४० पासून ऐका, बेस आणि किक एकत्र आहेत का'. प्रश्न असला की लोक ऐकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना स्पीकरवर लावून त्याची व्हॉइस नोट करून पाठवणारे महाभाग आहेत, ती खूप पिळून बारीक केलेली असते, तुम्ही फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा.

ऐकताना काय ऐकायचं तर टोन सोडून द्या, गिटारचा टोन असा का येतोय, ड्रम डब्यासारखे का, हे या रेकॉर्डिंगवरून ठरवू नका, त्यात खोलीचा वाटा जास्त असतो. लय ऐका. गाण्याच्या सुरुवातीला फोनवरच्या टॅप टेम्पोवर बोट आपटून बीपीएम (मिनिटाला किती ठोके) बघा आणि शेवटच्या मुखड्याला परत बघा. ९६ ला सुरू झालेलं गाणं १०८ ला संपत असेल तर ते वाजवताना कोणालाच कळलेलं नसतं, उलट सगळ्यांना वाटतं आज काय रंगलं! मग गाणं आणि संगीताचे तुकडे किती लांब आहेत ते ऐका, वाजवताना आठ आवर्तनं कमी वाटतात आणि ऐकताना चार पण जास्त. गायकाने स्वतःचं एकट्याने ऐकावं, सगळ्यांसमोर नको, पहिल्यांदा फार त्रास होतो. एकदा हेडफोनवर आणि एकदा साध्या स्पीकरवर ऐका, बेसचा खरा अंदाज दोन्हीच्या मधे कुठेतरी असतो.

चालींचं वेगळं फोल्डर करा आणि महिन्यातून एकदा ओळीने ऐका, ऐकताना जी पहिल्या दहा सेकंदांत पुढे गुणगुणावीशी वाटली नाही ती काढू नका, नुसती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. कोणाचा तरी अंतरा तिथूनच सापडतो.

जुन्या मिनीडिस्क किंवा कॅसेटवर आधीच्या बँडची रेकॉर्डिंग असतील तर ती प्लेअरच्या हेडफोन पिनमधून कम्प्युटरच्या लाइन इनला, साध्या वायरने, वाजतील तेवढ्या वेळात उतरवून घ्या. मिनीडिस्क सरळ यूएसबीने हवी असेल तर सोनीचा २००६ चा एमझेड-आरएच१ लागतो, जुन्या मिनीडिस्कवरची रेकॉर्डिंगसुद्धा त्याने कम्प्युटरवर घेता येतात, पण तो आता महाग आणि दुर्मिळ आहे.

आणि ड्रॉवरमधून काढलेला प्लेअर चार्जिंगला लावायच्या आधी जरा टेबलावर सपाट ठेवून बघा. मागचं झाकण फुगलंय, स्क्रीन एका बाजूने उचलली गेलीये असं दिसलं तर चार्ज करू नका, आतली लिथियम बॅटरी फुगलेली असते, ती भोसकू पण नका, दुरुस्तीवाल्याकडे नाहीतर ई-कचऱ्यात द्या. सेलवर चालणारा असेल तर कप्पा उघडून बघा, सेल गळून पांढरी-हिरवी पूड झाली असेल तर जुन्या टूथब्रशला थोडं व्हिनेगर लावून पत्र्या घासा, कोरड्या पुसा आणि पूर्ण वाळल्यावर नवीन सेल टाका. आणि प्रॅक्टिस नसेल त्या आठवड्यांत सेल बाहेर काढून ठेवा.